बांधाचा काटकोन आणि उणे ०.८७

पत्र:

"मी अकरावी विज्ञानला आहे, रावेर तालुक्यात राहते. चढ समान आले की रेषा समांतर आणि चढांचा गुणाकार −१ आला की लंब, हे मला तोंडपाठ आहे. तरी चाचणीत मार्क गेले. एका गणितात गुणाकार −०.९९ आला म्हणून 'लंब नाहीत' असं लिहिलं, ते चूक ठरलं. दुसऱ्यात एक रेषा उभी होती, तिचा चढच निघेना, म्हणून गणित सोडून दिलं. पण खरी अडचण घरची आहे. केळीची लागवड करायची म्हणून अप्पांना म्हटलं, शेत काटकोनात आहे का ते मी काढून देते. मोबाईलवर चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेतले आणि चढ काढले. समोरासमोरचे बांध समांतर निघाले, पण कोपऱ्यात गुणाकार −०.८७ आला. तेव्हापासून अप्पांच्या मनाने घेतलंय की शेजारच्या काकांनी बांध सरकवला. आकडे सोबत पाठवते. माझं काय चुकलं आणि आता काय करू?"

उत्तर:

सगळ्यात आधी अप्पांना सांग की या आकड्यावरून काकांकडे बोलायला जाऊ नका. तुझं गणित बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहेत, पण त्यातून जो अर्थ काढला तो निघत नाही. तुझेच आकडे घेऊन दाखवतो.

कोपऱ्यापासून पहिल्या बांधाच्या टोकापर्यंत रेखांश ०.००११६ अंशाने वाढला आणि अक्षांश ०.०००४५ अंशाने. दुसऱ्या बांधाच्या टोकापर्यंत रेखांश ०.०००४८ ने कमी झाला, अक्षांश ०.००१०८ ने वाढला. शून्यं बाजूला ठेवू. चढ म्हणजे उभा बदल भागिले आडवा बदल. पहिल्याचा चढ ४५/११६, म्हणजे ०.३८८. दुसऱ्याचा १०८/(−४८), म्हणजे −२.२५. गुणाकार −०.८७. एवढाच फरक खरा धरला तर कोन ९०ऐवजी जवळपास ९२.८ अंश होतो. म्हणजे पावणेतीन अंशांचा वाकडेपणा, आणि तुमच्या १३० मीटरच्या बांधाच्या टोकाला सव्वासहा मीटरची तफावत. अप्पांना शंका आली यात नवल नाही.

आता चूक कुठे आहे ते पाहा. तू रेखांशाचा एक अंश आणि अक्षांशाचा एक अंश सारखाच लांब धरलास. जमिनीवर ते सारखे नाहीत. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येतात. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११.३ किलोमीटरचा असतो. रावेर साधारण सव्वाएकवीस अंश उत्तरेला आहे, तिथे तो १०३.८ किलोमीटरच उरतो. अक्षांशाचा एक अंश मात्र तिथे ११०.७ किलोमीटरचा आहे. म्हणजे तुझ्या आकड्यांत आडव्याची मोजपट्टी वेगळी आणि उभ्याची वेगळी.

दोन्ही अंतरं मीटरमध्ये करून घे. अंशाचा एक लाखावा भाग आडव्या दिशेला १.०३८ मीटर, उभ्या दिशेला १.१०७ मीटर. पहिला बांध: पूर्वेकडे १२०.४ मीटर, उत्तरेकडे ४९.८ मीटर, चढ ०.४१४. दुसरा: पश्चिमेकडे ४९.८ मीटर, उत्तरेकडे ११९.६ मीटर, चढ −२.४०. गुणाकार −०.९९३. कोन ९०.१ अंशाच्या आसपास. कोपरा जवळजवळ तंतोतंत काटकोनात आहे.

समोरासमोरचे बांध समांतर कसे निघाले, हे तू विचारलं नाहीस, पण सगळ्याची किल्ली तिथेच आहे. मोजपट्टी वेगळी असल्यामुळे तुझा प्रत्येक चढ खऱ्या चढाच्या ०.९३८ पट आला (१०३.८ भागिले ११०.७). दोन खरे चढ समान असतील तर दोघांची ०.९३८ पट केली तरी ते समानच राहतात. म्हणून समांतरपणा टिकला. गुणाकारात मात्र हा ०.९३८ दोनदा येतो, आणि ०.९३८ × ०.९३८ = ०.८८. म्हणजे रावेर-यावल-चोपड्याच्या पट्ट्यात कुठलाही खरा काटकोन घे, शेत कसंही तिरकं असो, कच्च्या अंशांत गुणाकार −०.८८ च्या जवळपासच येणार. तुझा −०.८७ हा वाकडेपणाचा पुरावा नाही, उलट काटकोनाचीच खूण आहे. (बांध नेमके पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असतील तर गोष्ट वेगळी, तिथे गुणाकाराचा नियमच लागत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय.)

हीच गोष्ट आलेख काढतानाही होते आणि भल्याभल्यांना चकवते. क्ष-अक्षावर १ सेंटिमीटर = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंटिमीटर = ५ एकक असं प्रमाण घेतलं, तर ज्यांच्या चढांचा गुणाकार −१ आहे त्या रेषा कागदावर काटकोनात दिसणार नाहीत. समांतर रेषा मात्र समांतरच दिसतील. काटकोन डोळ्यांनी पडताळायचा असेल तर दोन्ही अक्षांवर प्रमाण एकच घे, आणि प्रमाण वेगळं असेल तर कोनमापक लावूच नकोस.

बांधाचा विषय संपवण्याआधी आणखी एक. मोकळ्या आकाशाखालीही मोबाईल तुमची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. झाडाखाली किंवा केळीच्या उभ्या बागेत त्याहून जास्त. १३० मीटरच्या बांधाला एका टोकाशी ५ मीटरची चूक म्हणजे कोनात दोन अंशांहून थोडं जास्तच. तेव्हा आत्ताचा ९०.१ हासुद्धा 'ठीक दिसतंय' एवढ्यापुरताच घ्यायचा. बांध सरकला की नाही हे मोबाईलवरून ठरत नाही, आणि काटकोनावरून तर मुळीच नाही, कारण गटाची हद्द काटकोनातच असली पाहिजे असा नियम नाही. शंका राहिलीच तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा, हाच मार्ग. मोजणीतले निर्देशक मीटरमध्ये मिळाले, उदाहरणार्थ यूटीएम पद्धतीचे (पृथ्वीचे उभे विभाग पाडून जागा मीटरमध्ये सांगणारी पद्धत; खान्देश तिच्या ४३ व्या विभागात येतो), तर दोन्ही दिशांना मोजपट्टी एकच असते. तिथे चढाचे दोन्ही नियम तसेच्या तसे वापर.

आता चाचणीतलं −०.९९. तुझा प्रश्न पत्रात पूर्ण नाही, पण −०.९९ आला म्हणजे बहुधा १/३ चं तू ०.३३ केलंस. ०.३३ × (−३) = −०.९९. पण १/३ म्हणजे ०.३३ नव्हे, त्यापुढे तीन संपतच नाहीत. अपूर्णांक तसाच ठेवला असतास तर (१/३) × (−३) = −१, काम तिथेच संपलं असतं. निर्देशक पूर्णांकात किंवा अपूर्णांकात दिलेल्या गणितात चढ कधीच दशांशात नेऊ नकोस. शेवटपर्यंत अपूर्णांक, आणि तोही संक्षिप्त रूपात. शेतावर मोजलेल्या आकड्यांना हा आग्रह लागू नाही. तिथे −०.९९३ म्हणजे काटकोन, कारण मोजमापातच थोडी चूक असते. पुस्तकातल्या गणितात मात्र −०.९९ म्हणजे काटकोन नाही. या दोन ठिकाणी एकच आकडा वेगळा निकाल देतो, हे डोक्यात पक्कं ठेव.

एक पूर्ण उदाहरण करून बघ: अ(१, २), ब(७, ४), क(५, १०), ड(−१, ८). अब चा चढ (४ − २)/(७ − १) = २/६ = १/३. बक चा (१० − ४)/(५ − ७) = ६/(−२) = −३. कड चा (८ − १०)/(−१ − ५) = (−२)/(−६) = १/३. डअ चा (२ − ८)/(१ − (−१)) = −६/२ = −३. समोरासमोरच्या बाजू समांतर, लगतच्या लंब, म्हणजे आयत. आता कर्ण: अक चा चढ ८/४ = २, बड चा ४/(−८) = −१/२, गुणाकार −१. ज्या आयताचे कर्ण एकमेकांना लंब असतात तो चौरस. अंतराचं सूत्र एकदाही न वापरता चौरस सिद्ध झाला. बरेच जण अब आणि कड समांतर दाखवून थांबतात. तेवढ्याने तो समलंब चौकोनही असू शकतो. समांतरभुज म्हणायला दोन्ही जोड्या दाखवाव्या लागतात.

याच गणितात जिथे चुका होतात त्या जागा दोन. पहिली, वजाबाकीचा क्रम. वर ब मधून अ वजा केला तर खालीही ब मधून अ च. वर एक आणि खाली उलट केलं की चिन्ह पालटतं: १/३ चं −१/३ होतं, गुणाकार +१ येतो आणि तू 'लंब नाही' लिहून मोकळी होतेस. दुसरी, ऋण निर्देशक वजा करताना कंस न लिहिणं. १ − (−१) चे २ होतात, घाईत ते ० होतात, आणि आडवी-तिरकी रेषा एकदम उभी होऊन बसते. कंस लिहायला एक सेकंद लागतो, लिहीतच जा.

समीकरण दिलं असेल तर वेगळी चूक होते. ३क्ष − २य + ८ = ० या रेषेचा चढ ३ नव्हे आणि −३/२ ही नव्हे. य एकटा कर: २य = ३क्ष + ८, य = (३/२)क्ष + ४. चढ ३/२. आता ६क्ष − ४य + ५ = ० घे. चढ ३/२ च, पण य-अक्षावरचा छेद ५/४, म्हणून ती पहिलीला समांतर. आणि ६क्ष − ४य + १६ = ० ? चढ तोच, छेदही ४ च. ती वेगळी रेषा नाहीच, पहिलीच दुप्पट करून लिहिली आहे. चढ समान आले की लगेच 'समांतर' लिहायची सवय असते, पण त्या दोन वेगळ्या रेषा आहेत का ते बघितल्याशिवाय लिहू नकोस. बिंदू दिले असतील तर एका रेषेवरचा बिंदू दुसऱ्या रेषेवर पडतो का ते तपासायचं. पडला तर सगळे बिंदू एकरेषीय.

उभ्या रेषेचं कोडं सोडवायला गुणाकार −१ का येतो हे कळलं पाहिजे, आणि ते चौकटीच्या वहीवर लगेच कळतं. एका कोपऱ्यापासून तीन चौकटी उजवीकडे आणि एक वर जाऊन खूण कर, रेषा काढ. तिचा चढ १/३. आता वही डावीकडे पाव फेरा फिरव. उजवीकडच्या तीन चौकटी आता वर गेल्या आणि वरची एक चौकट डावीकडे गेली. नव्या रेषेचा चढ ३/(−१) = −३. म्हणजे ९० अंश फिरवलं की आडवं अंतर उभं होतं, उभं अंतर आडवं होतं आणि त्यातल्या एकाचं चिन्ह बदलतं. अपूर्णांक उलटा झाला आणि उणे लागलं, म्हणून गुणाकार −१. दहावीला तू चढ शिकलीस आणि समांतर रेषाही शिकलीस. ही वही फिरवायची गोष्ट अकरावीच्या आधीच करून बघायला हवी होती, मग सूत्र पाठ करायची गरजच पडत नाही.

आता उभी रेषा. तिच्यावर आडवं अंतर शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून तिचा चढ काढता येत नाही. तो शून्य नसतो. शून्य चढ आडव्या रेषेचा असतो. वही फिरवली तर आडवी रेषा उभी होते, म्हणजे त्या दोघी लंब आहेत हे उघड आहे. पण गुणाकाराचा नियम तिथे लावता येत नाही, कारण गुणायला दुसरा चढच नाही. गणित सोडायचं नाही, एक ओळ लिहायची: 'एक रेषा य-अक्षाला समांतर, दुसरी क्ष-अक्षाला समांतर, म्हणून लंब.' दोन्ही उभ्या असतील तर त्या एकमेकींना समांतर. एक उभी आणि दुसरी तिरकी असेल तर लंबही नाहीत, समांतरही नाहीत.

भागाकारच टाळायचा असेल तर माझ्या मते याहून चांगली रीत आहे, आणि संगणकावर काम करणारेही तीच वापरतात. प्रत्येक रेषेचं आडवं आणि उभं अंतर वेगवेगळं लिहून ठेव. आडव्याचा आडव्याशी गुणाकार आणि उभ्याचा उभ्याशी गुणाकार, या दोघांची बेरीज शून्य आली तर लंब. वरच्या चौरसात अब साठी (६, २), बक साठी (−२, ६): −१२ + १२ = ०. उभी रेषा (०, ५) आणि आडवी (७, ०): ० + ० = ०. अपवादच उरत नाही. समांतर बघायचं असेल तर तिरका गुणाकार कर: पहिलीचं आडवं गुणिले दुसरीचं उभं आणि पहिलीचं उभं गुणिले दुसरीचं आडवं, हे दोन समान असले की झालं. प्रश्नात 'चढ वापरून' असं स्पष्ट म्हटलं असेल तर उत्तर चढानेच लिही आणि ही रीत मागच्या पानावर पडताळ्यासाठी ठेव.

शेवटी लागवड. त्यासाठी मोबाईल बाजूला ठेव, १०० फुटी टेप, चार खुंट्या, सुतळी आणि चुन्याची फक्की घे. पायाची ओळ कोणती हे आधी ठरव. बहुतेक वेळा सबमेन (ठिबकच्या नळ्यांना पाणी पुरवणारी जाड नळी) ज्या बांधालगत जाते ती बाजू सोयीची, कारण ठिबकच्या नळ्या तिच्याशी काटकोनात निघतात. बांधाची कड उंचसखल आणि वाकडी असते, म्हणून बांधावरून मोजू नका. दोन खुंट्यांत ताणलेली सुतळी हीच पायाची ओळ.

कोपऱ्याच्या खुंटीपासून पायाच्या ओळीवर ६० फुटांवर खूण कर. दुसऱ्या बाजूला अंदाजाने काटकोनात ८० फुटांवर खुंटी धर आणि ते ८० फूट कायम ठेवून ती अशी सरकव की दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १०० फूट येईल. ३-४-५ चा हा त्रिकोण गवंडी ३, ४ आणि ५ फुटांवरही लावतात. घरासाठी ते पुरतं, शेतासाठी पुरत नाही. ३०-४०-५० लावलं आणि तिरकं अंतर सहा इंच जास्त धरलं गेलं, तर कोन ९१.२ अंश होतो. ३०० फूट लांब ओळीच्या टोकाला तो फरक सव्वासहा फूट, म्हणजे केळीची एक अख्खी ओळ. ६०-८०-१०० मध्ये तेवढ्याच सहा इंचांनी कोन फक्त ०.६ अंश चुकतो.

तिन्ही बाजू एकाच टेपने मोजा. कापडी टेप थोडा ताणलेला असला तरी तिन्ही अंतरं त्याच प्रमाणात बदलतात आणि काटकोन बिघडत नाही. दोन वेगळे टेप वापरले की बिघडतो. टेपचा शून्य कडीच्या बाहेरच्या कडेला आहे की आत, ते आधी बघून घे. जमिनीला उतार असेल तर टेप जमिनीला चिकटवून न धरता आडवा, समपातळीत धरायचा.

ओळींचा समांतरपणा वेगळा सांभाळावा लागतो. ६ × ५ फुटांवर लागवड असेल (एकरी १,४५२ झाडं), तर पायाच्या ओळीवर ६, १२, १८, २४ अशा खुणा टेप एकदा पसरून एका दमात करायच्या. शेताच्या दुसऱ्या टोकालाही तेच. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपासून सहा फूट मोजत गेलं तर दर ओळीला एक इंच चुकून पन्नासाव्या ओळीपर्यंत चार फुटांवर चूक साठते, आणि ओळी एका टोकाला आवळून दुसऱ्या टोकाला पसरतात. टेप १०० फुटांवर संपला की तिथे पक्की खुंटी ठोकून पुढचा टेप तिथूनच सुरू करायचा.

चारी कोपरे ठरले की आधी समोरासमोरच्या बाजू समान आहेत का ते मोजा, मग दोन्ही कर्ण मोजा. बाजू जोडीने समान आणि कर्णही समान, तर आखणी आयत आहे. फक्त कर्ण समान आले म्हणून थांबू नका, कारण एका टोकाला अरुंद असलेल्या शेतातही ते समान येऊ शकतात. आणि शेत खरंच अरुंद होत गेलेलं असेल तर आयत आतच आखायचा. शेवटच्या बांधालगत उरलेल्या त्रिकोणी पट्टीत ओळी तिरक्या करून घुसवू नका. ओळी पायाच्या ओळीशी काटकोनातच ठेवून बांध येईल तिथे तोडा, नळ्यांची टोकंही तिथेच बंद होतील.